सिगारेट-विडी कायमची सोडायची तर

धूम्रपान सोडण्याचा विचार एकदाही मनात आला नाही, असा धूम्रपान करणारा माणूस शोधूनही सापडणे कठीण. बहुतेकांनी ते कधी ना कधी सोडलेलेही असते. कोणी चार दिवस, कोणी चार महिने, तर एखाद्याने वर्षभरसुद्धा. सुटलेली सिगारेट सुटलेलीच कशी राहील, हा खरा प्रश्न आहे. कोणतीही मदत न घेता, निव्वळ मनाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे साधारण तीन ते पाचच असतात, असे या विषयावरील अभ्यासांतून पुन:पुन्हा दिसले आहे. उरलेले पंचाण्णव जण मनाने दुबळे असतात असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. अख्खा श्रावण पाळणारा आणि नवरात्राचे नऊ दिवस उपास करणारा माणूसही सिगारेटपाशी हरतो, तेव्हा उणीव निश्चयाची नसून तयारीची असते, असे माझे स्पष्ट मत आहे. ही तयारी कशी करावी, याविषयी हे लेखन आहे.

सिगारेट नेमकी कशाने धरून ठेवते

झुरका घेतल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि तेथे डोपामिन हे सुखाची जाणीव देणारे रसायन स्रवू लागते. नियमित धूम्रपान करणाऱ्याच्या मेंदूत निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची संख्या वाढलेली असते. रक्तातील निकोटीन मात्र सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे दर तासा-दोन तासांनी चिडचिड, अस्वस्थता आणि कामात लक्ष न लागणे सुरू होते, पुढची सिगारेट ती अस्वस्थता घालवते, आणि ओढणाऱ्याला वाटते की सिगारेटने डोक्यावरचा ताण हलका केला. त्या ताणातला बराचसा भाग आधीच्या सिगारेटचेच देणे असतो. म्हणूनच सोडून काही महिने झालेल्या लोकांमध्ये चिंता आणि उदासी पूर्वीपेक्षा कमी झालेली आढळते, ही गोष्ट 'टेन्शन आहे म्हणून ओढतो' असे म्हणणाऱ्याने अवश्य लक्षात घ्यावी.

दुसरा धागा सवयीचा. दिवसाला २० सिगारेटी आणि एका सिगारेटचे १० झुरके धरले, तर हात वर्षाला ७३,००० वेळा ओठांपर्यंत जातो. चहाचा घोट, जेवणानंतरचा हात धुणे, बाइकची किल्ली काढणे आणि साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडणे या प्रत्येक गोष्टीला ती हालचाल जोडली गेलेली असते. शरीराची निकोटीनची मागणी काही आठवड्यांत ओसरते, परंतु या जोडण्या महिनोन् महिने टिकतात. औषधे पहिल्या धाग्यावर काम करतात आणि दिनक्रमातले बदल दुसऱ्यावर. दोन्हींपैकी एकच हाती घेतलेला माणूस अर्ध्यावर अडकतो.

तारीख आणि त्याआधीचे दिवस

सोडण्याचा दिवस आजपासून दोन आठवड्यांच्या आत ठरवावा. त्याहून लांबची तारीख पाळली जात नाही. आठवडा शक्यतो साधा निवडावा. घरातले लग्न, मार्चअखेर, परीक्षा किंवा मित्रांची सहल त्यात येऊ नये. आपल्याकडे पुष्कळ जण गटारीला शेवटची ओढून श्रावणापासून सोडतात. ही सुरुवात वाईट नाही, पण तिच्यात एक खोट आहे: श्रावण संपण्याची तारीख मनात पहिल्या दिवसापासून ठरलेली असते, आणि गणपतीत पाकीट पुन्हा खिशात येते. श्रावणातच सोडायची असेल तर महिना मोजू नये.

हळूहळू कमी करावी की एकदम बंद करावी, हा वाद टपरीवर नेहमीच चालतो. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक चार आठवड्यांनंतर टिकून होते, तर दोन आठवडे कमी करत आणून मग थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण अनुक्रमे २२ आणि १५.५ टक्के होते. एकदम थांबणे सरस ठरले, हे तर खरेच. पण त्याहून महत्त्वाची बाब अशी की दोन्ही गटांना निकोटीनची उपचार-साधने (त्वचेवर चिकटवायची पट्टी, चिकलेट वगैरे) आणि समुपदेशन मिळाले होते, आणि त्यामुळे मागे पडलेला गटही एकट्याने झगडणाऱ्यांच्या कितीतरी पुढे राहिला. ज्यांना एकदम थांबण्याचे धाडसच होत नाही, त्यांनी कमी करत आणायला हरकत नाही, मात्र शून्याची तारीख ठरलेली असावी. 'दिवसाला दोनच ओढतो' हा मुक्काम फार काळ टिकत नाही. ती दोनाची संख्या एखाद्या वाईट दिवशी दहावर जाते.

तारखेपूर्वीच्या चार-पाच दिवसांत पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी आणि सिगारेट पेटवण्याआधी तिच्यावर वेळ, जागा आणि सोबत कोण होते हे लिहावे. पाचव्या दिवशी ती चिठ्ठी वाचणाऱ्याला कळते की वीसपैकी दहा-बारा सिगारेटी नुसत्या हाताच्या चाळ्याच्या होत्या, आणि चार-पाच मात्र अशा आहेत की त्यांच्या जागी काय करायचे हे आधी ठरवल्याशिवाय भागणार नाही. सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती मिनिटांनी पेटते, हेही पाहावे. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल, तर व्यसन शरीराचे आहे आणि औषधांची गरज बहुधा लागणारच, असे समजून चालावे.

आदल्या रात्री घरातील पाकिटे, लायटर आणि रक्षापात्रे काढून टाकावीत. शर्टाचे खिसे, बाइकची डिकी, ऑफिसचा ड्रॉवर आणि गेल्या पावसाळ्यात अडकवून ठेवलेले जॅकेट तपासावे. विसरलेली सिगारेट नेमकी अवघड वेळी हाताला लागते. टपरीवरची उधारी चुकती करून टपरीवाल्याला सोडल्याचे सांगून टाकावे. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यास सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरीही सुटी सिगारेट सहज मिळते, त्यामुळे घर साफ करणे पुरेसे होत नाही. टपरीचाही बंदोबस्त करावा लागतो.

औषधांविषयी थोडे विस्ताराने

'सिगारेट सोडून च्युइंगमच्या नादी कशाला लागायचे?' हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर आधी देणे बरे. सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांतील सुमारे ७० कर्करोग घडवणारी आहेत. फुप्फुस आणि हृदय यांची हानी मुख्यत: धुरातील डांबर (टार), कार्बन मोनॉक्साइड आणि अशा घटकांनी होते. निकोटीन व्यसन लावते, परंतु चिकलेटीतून किंवा पट्टीतून ते हळू, कमी प्रमाणात आणि धुराशिवाय मिळते. मेंदूची मागणी शमलेली असताना सवयी मोडता येतात. या साधनांमुळे टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीडपट होते, आणि पट्टी व चिकलेट एकत्र वापरल्यास एकाच साधनापेक्षा अधिक चांगला परिणाम मिळतो.

निकोटीनची २ मिलिग्रॅमची चिकलेट औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ती चुकीच्या रीतीने खाल्ली जाते, आणि मग 'याने काही होत नाही, नुसत्या उचक्या लागतात' अशी तक्रार येते. साध्या चिकलेटीसारखी ती सारखी चघळायची नसते. सात-आठ वेळा सावकाश चावावी; जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवली की चावणे थांबवून ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी. निकोटीन तेथील त्वचेतून रक्तात जाते. चुणचुण ओसरली की पुन्हा थोडे चावावे आणि जागा बदलून ठेवावी. असे साधारण अर्धा तास करावे. भराभर चघळल्यास निकोटीन लाळेबरोबर पोटात जाते, तेथे त्याचा उपयोग होत नाही, आणि मळमळ व उचक्या तेवढ्या पदरी पडतात. चिकलेटीच्या आधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत किंवा शीतपेय घेऊ नये, कारण तोंडातील आम्लतेमुळे निकोटीन शोषले जात नाही. चहाबरोबर चिकलेट तोंडात टाकणारे लोक पाहिले की औषधाचे नाव विनाकारण खराब होताना दिसते.

दुसरी चूक मात्रेची. अगदीच असह्य झाले की एखादी चिकलेट, अशा काटकसरीने ती वापरली तर उपयोग होत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला आठ ते बारा, असा हिशेब धरावा. पुढे संख्या कमी करत साधारण १२ आठवड्यांत ती थांबवावी. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमची मात्रा लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांसाठी पट्टी सामान्यत: २१ मिलिग्रॅमपासून सुरू करून पुढे १४ आणि ७ वर आणतात. ती रोज सकाळी दंडावर किंवा छातीवर, कोरड्या आणि केस नसलेल्या जागी, दररोज जागा बदलून लावावी. रात्री विचित्र स्वप्ने पडू लागली तर झोपताना काढून ठेवावी.

व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. व्हॅरेनिक्लिन सोडण्याच्या दिवसाआधी आठवडाभर सुरू करतात आणि सर्वसाधारणपणे १२ आठवडे देतात. तिने यशाची शक्यता दुपटीहून वाढते. मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास असून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास तो कमी होतो. फिट्स येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही औषधांची, निकोटीन-साधनांची आणि सायटिसिन या वनस्पतिजन्य औषधाची शिफारस आहे. गरोदर स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी यांतील काहीही स्वत:च्या मनाने सुरू करू नये.

औषधाबरोबर माणसाचा आधार असला तर दोहोंचा गुण वाढतो. सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा नि:शुल्क क्रमांक आहे; तेथील समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवण्यापासून नंतर फोन करून विचारपूस करण्यापर्यंत मदत करतात. ज्या पाकिटावर हा क्रमांक असतो ते रोज हाताळूनही तो लावणारे थोडेच, याचे आश्चर्य वाटते. जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांतही समुपदेशन मिळते.

अवघड वेळा

तलफ कायम राहत नाही; ती चढते आणि चार-पाच मिनिटांत उतरते. म्हणून प्रत्येक अवघड वेळेसाठी पाच-दहा मिनिटांची तजवीज आधीच केलेली असावी.

सर्वांत अवघड वेळ चहाची. ऑफिसातून पाच जण खाली उतरतात, कटिंग येते, पाकीट फिरते, आणि आपल्यापाशी आल्यावर कोणीतरी म्हणतो, 'घे रे, एकाने काय होतंय!' पहिले तीन-चार आठवडे खाली न उतरणे हाच उत्तम मार्ग. चहा जागेवर घ्यावा, किंवा जे ओढत नाहीत त्यांच्याबरोबर घ्यावा. जावेच लागले तर दोन्ही हात गुंतवावेत, एका हातात ग्लास आणि दुसऱ्यात फोन, आणि 'मी कमी करतोय' असे न म्हणता 'मी ओढत नाही' असे म्हणावे. 'कमी करतोय' म्हणणाऱ्याला आग्रह होतो, 'ओढत नाही' म्हणणाऱ्याला सहसा होत नाही.

चहाविषयी आणखी एक बाब पुष्कळांना माहीत नसते. धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करते. धूम्रपान थांबले की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीने कॅफिन रक्तात अधिक साठते. धडधड, हाताला कंप आणि झोप न लागणे यांचा दोष मग सिगारेट सोडण्यावर जातो. चहा-कॉफी निम्म्यावर आणल्यास हा त्रास कमी होतो. याच कारणाने थिओफिलिन, क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांची मात्रा कमी करावी लागू शकते. दम्याची किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असलेल्यांनी सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगावी.

'सिगारेटशिवाय सकाळी पोट साफ होत नाही' ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निकोटीनने आतड्यांची हालचाल वाढते, आणि ते थांबल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाज्या व सालीसकट फळे, आणि गरज पडल्यास रात्री इसबगोल, एवढ्याने बहुतेकांचे भागते. जेवणानंतरच्या सिगारेटच्या जागी शतपावली करावी आणि पानाच्या दुकानाचा रस्ता टाळावा. दारूचे मात्र स्पष्ट सांगायला हवे: पहिला महिना-दीड महिना ती बंद ठेवावी. दोन पेगनंतर सकाळचा निश्चय आठवत नाही, आणि सुटलेली सिगारेट पुन्हा सुरू होण्याचे ठिकाण बहुधा मित्रांची बैठकच असते.

शरीराचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा निवळतो. खोकला सुरुवातीस वाढल्यासारखा वाटू शकतो, तोंड येऊ शकते. भूक मात्र जास्त काळ वाढलेली राहते. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. सोडण्याच्या आठवड्यातच कडक डाएट सुरू करणे म्हणजे दोन आघाड्या एकदम उघडणे होय, ते करू नये. खिशात भाजलेले चणे, बडीशेप किंवा लवंग ठेवावी आणि रोज अर्धा तास चालावे.

एक सोडून दुसरे

महाराष्ट्रात धूम्रपान सोडणाऱ्यासमोरचा सर्वांत मोठा सापळा तंबाखूच्या पुडीचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करत होते, आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. चुन्यात मळलेली तंबाखू, मशेरी, मावा आणि विदर्भातला खर्रा सर्वत्र हाताशी असल्यामुळे 'सिगारेट सोडली, आता फक्त चिमूटभर खातो' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी काही सोडलेले नसते. निकोटीन तेच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे, त्यामुळे तोंडात चघळायला म्हणून तीही नको. विडी पानाची असल्यामुळे सौम्य असते हा समज तितकाच खोटा आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते, आणि डांबर व कार्बन मोनॉक्साइड छातीत अधिक जातात. ई-सिगारेटच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे.

वय झाले म्हणून

'आता पन्नाशी उलटली, जे व्हायचे ते झाले' असे म्हणणाऱ्यांसाठी रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो या ब्रिटिश संशोधकांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ ते २००१ अशी पन्नास वर्षे केलेला पाठपुरावा उपयोगी आहे. तिशीत सोडणाऱ्यांचे आयुष्य सोडलेच नाही अशांपेक्षा सुमारे १० वर्षांनी, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचेही ३ वर्षांनी वाढल्याचे त्यात दिसले. हृदयविकाराचा जादा धोका वर्षभरात निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात.

घसरल्यास

सोडल्यानंतर 'एकही झुरका नाही' हा नियम पाळावा, कारण पहिल्या दोन आठवड्यांत ओढलेली एक सिगारेट पुढच्या पाकिटाकडे नेते असा सार्वत्रिक अनुभव आहे. तरीही एखाद्या लग्नाच्या मांडवामागे किंवा रात्रपाळीच्या मध्यंतरात ती ओढली गेलीच, तर 'आता मोडलेच आहे, सोमवारपासून पुन्हा बघू' हा विचार त्या सिगारेटहून घातक असतो. घरच्यांनीही अशा वेळी टोमणे मारू नयेत. ज्याला टोमण्यांची भीती असते तो लपून ओढू लागतो, आणि मग मदत करणे कोणालाच जमत नाही. दंडावरची पट्टी काढू नये, चिकलेटी चालू ठेवाव्यात, आणि उरलेले पाकीट पाण्यात भिजवून त्याच रात्री कचऱ्यात टाकावे. झोपण्यापूर्वी पुन्हा एक चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यावर किती वाजता, कुठे, कोणाबरोबर ही सिगारेट पेटली आणि ती कोणी दिली, एवढे लिहावे. दुसऱ्या दिवशी क्विटलाइनला किंवा डॉक्टरांना फोन करताना ती चिठ्ठी समोर ठेवावी.